परभणीच्या उन्हात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा का?

प्रश्न परभणीच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याच्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, आठ जीबीची एकच रॅम आणि प्रोसेसरच्या डब्यातूनच आलेला छोटा फॅन असं मशीन आहे. खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवावा, आणि त्याचे सगळे कोअर (आत हिशेब करणारे भाग) ४.७ गिगाहर्ट्झला लॉक करावेत असा त्याचा विचार आहे. भीती एकच, की झिजून प्रोसेसर दोन वर्षांत जाईल का. घरच्यांनी कापसाचे पैसे आल्यावर मशीन घेऊन दिलंय असंही त्याने लिहिलंय. मशीन जोडणं आणि दुरुस्त करणं हेच माझं रोजचं काम, तेही मराठवाड्यातच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी निकाल सांगतो: तुझ्या मशीनवर, तुझ्या खोलीत हे करू नको. पण तू ज्याला घाबरतोयस त्या झिजेमुळे नको म्हणत नाही. झीज खरी आहे, मात्र ती कशाने होते हे समजलं की भीती योग्य जागी जाईल. आणि ज्या फायद्यासाठी ती सोसायची, तो फायदा तुझ्या गेममध्ये जवळजवळ दिसणारच नाही.

प्रोसेसर वेगाने चालला म्हणून झिजत नाही. तो झिजतो व्होल्टेजने, करंटने आणि उष्णतेने. आतल्या तांब्याच्या तारा केसाच्या हजारो पट बारीक असतात. त्यातून दाट करंट वाहत राहिला की इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने धातूचे अणू हळूहळू सरकतात, कुठे पोकळी पडते तर कुठे गाठ येते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ च्या सुमारास याचं जे समीकरण मांडलं, ते आजही वापरात आहे: करंटची घनता वाढली की आयुष्य साधारण वर्गाच्या प्रमाणात घटतं, आणि तापमान वाढलं की त्याहून वेगाने. त्या समीकरणात नेहमीचे आकडे घालून मी हिशेब केला तर ७० अंशांऐवजी ८५ अंशांवर सतत चालवल्याने तारेचं आयुष्य साधारण एक तृतीयांशावर येतं. दुसरी झीज ट्रान्झिस्टरची. व्होल्टेज आणि उष्णता मिळून त्याचा चालू होण्याचा उंबरठा सरकवतात, म्हणजे, समज, आज जो वेग १.२५ व्होल्टवर मिळतो त्याला वर्षभराने १.२७ लागतात. प्रोसेसर एका रात्रीत मरत नाही. तो तेवढ्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज मागायला लागतो, आणि तू ते दिलंस की झीज आणखी वाढते.

आता मिळकत आणि किंमत यांचा हिशेब मांडू. प्रोसेसर खातो ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या, म्हणजे वेगाच्या, प्रमाणात वाढते. समज, पूर्ण भारावर तुझे सगळे कोअर १.२० व्होल्टवर ४.३ गिगाहर्ट्झने चालतायत आणि ४.६ साठी तू १.३५ व्होल्ट दिलेस. क्लॉक वाढला ७ टक्के. वीज आणि उष्णता वाढली ३५ टक्के. सात टक्क्यांसाठी पस्तीस. आणि ४.७ ला ४.६ पेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं.

एके काळी हा हिशेब उलटा होता, म्हणूनच ओव्हरक्लॉकिंगला एवढं नाव आहे. १९९८ चा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की सरळ ४५० वर चालायचा, म्हणजे दीडपट. २०११ चा आय५ २५००के टर्बोमध्ये ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत जायचा, आणि साध्या हवेच्या कूलिंगवर ४.४-४.५ ला वर्षानुवर्षं चालवणारे लोक होते. तेव्हा कंपन्या भरपूर मोकळीक सोडून प्रोसेसर विकायच्या. आता ती मोकळीक त्या स्वतःच बूस्टच्या, म्हणजे गरजेनुसार आपोआप वेग वाढवण्याच्या, नावाने वापरतात. तुझा ५६०० कारखान्यातूनच ४.४ पर्यंत बूस्ट घेतो आणि कोणत्या क्षणी किती व्होल्टेज चालेल हे सेकंदाला अनेकदा मोजून ठरवतो. उसाचा रस कारखान्यानेच काढून घेतलाय, आपल्या हाती चिपाड उरतं.

झीज किती खरी आहे याची दोन उदाहरणं अलीकडचीच आहेत, आणि दोन्हींत लोकांनी हाताने क्लॉक वाढवलेला असलाच पाहिजे असं नव्हतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर गेममध्ये कोसळायला लागले. ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली असा खोटा संदेश यायचा आणि लोक कार्ड बदलत बसायचे. शेवटी निघालं ते असं: काही परिस्थितींत प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होता, आणि उष्णतेच्या जोडीने त्याच्या आतल्या क्लॉकच्या सर्किटची झीज होत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ०x१२९ या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीने) ती मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, आणि इंटेलने त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही. जुना १३७००के किंवा १४९००के कुणी स्वस्तात देत असेल, तर बिल आणि उरलेली वॉरंटी बघितल्याशिवाय घेऊ नको. दुसरं उदाहरण २०२३ च्या एप्रिलचं. रायझन ७०००एक्स३डी काही बोर्डांवर सॉकेटसकट जळाले. रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं एक्सपो प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) फारच वर नेत होते, मग एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. दोन्ही ठिकाणी कारण व्होल्टेजच.

इथे एक मोठा गैरसमज दूर करणं गरजेचं आहे, कारण त्याच्या नादाने चांगले प्रोसेसर वाया जातात. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुला तुझा ५६०० कधीकधी १.४ व्होल्ट दाखवेल. त्यावरून लोक म्हणतात, कंपनीच १.४ देते, मग मी दिले तर काय बिघडलं? बिघडतं. कंपनी ते व्होल्टेज एखाद-दुसरा कोअर धावत असताना देते, तेव्हा करंट कमी असतो. सहाही कोअर पूर्ण भारावर आले की ती व्होल्टेज खाली आणते. हाताने १.४ लॉक केलेस की तेच व्होल्टेज पूर्ण करंटसह सगळ्या कोअरवर, तासन्‌तास. शिवाय हाताने क्लॉक लॉक केला की वीज आणि करंटच्या ज्या मर्यादा प्रोसेसर एरवी स्वतः पाळतो, त्या बाजूला पडतात.

आता आपल्या भागाचं सांगतो, कारण परदेशातल्या व्हिडिओत खोली २१ अंशांची असते. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक प्रोसेसरच्या उष्णतेने त्यावर चढणारे अंश. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ दहा अंशांनी तापतो, यात सवलत नाही. आणि परभणी तर दोन टोकांचं गाव. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाचा पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी येते, मे महिन्यात तोच ४३-४४ वर. पत्र्याच्या खोलीत दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त उकडतं. म्हणजे एकाच टेबलावरच्या मशीनला वर्षात वीस-पंचवीस अंशांचा फरक सोसावा लागतो. डब्यातला फॅन असलेला ५६००, साध्या २५ अंशांच्या खोलीत, सगळे कोअर पूर्ण भारावर असताना ऐंशीच्या आसपास जातो. त्याची मर्यादा ९०. मे महिन्यात काहीही न छेडता तो ती मर्यादा गाठणार आणि स्वतःच क्लॉक उतरवणार. तिथे आणखी ३५ टक्के उष्णता घालून काय मिळणार?

म्हणून दिवाळीनंतर, थंडीत चाचण्या करून पक्की केलेली सेटिंग एप्रिल-मेमध्ये कोसळते. हे दरवर्षी दिसतं. मुलं म्हणतात विंडोज खराब झालं, कार्ड गेलं. मी बायोस, म्हणजे बोर्डाची मूळ सेटिंग, डिफॉल्टला आणतो आणि मशीन चालायला लागतं. निळी स्क्रीन तरी दिसते, ती बरी. वाईट असतो तो अर्धवट स्थिर ओव्हरक्लॉक, जो गेममध्ये कोसळत नाही पण फाइल कॉपी करताना, प्रोजेक्टचं कोड कंपाइल करताना, झिप उघडताना चुपचाप एखादा बिट चुकवतो. तू डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेस. प्रोजेक्टची फाइल ऐन सबमिशनच्या आठवड्यात उघडली नाही, तर त्याची किंमत चार फ्रेममध्ये भरून निघणार नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी येत असतील तर मशीन वरून कितीही ठणठणीत दिसलं तरी ते स्थिर नाही, एवढं पक्कं धर.

दुरुस्तीच्या टेबलावर मेलेला प्रोसेसर फार कमी येतो. येतात ते मदरबोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा. प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटला व्हीआरएम म्हणतात, त्यातले मॉसफेट स्वस्त बोर्डांवर हीटसिंकशिवाय उघडे असतात. प्रोसेसरवर मोठा कूलर लावून त्याला ७५ अंशांवर ठेवलं तरी शेजारचं व्हीआरएम शंभरीपार असू शकतं. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की अंदाजे निम्मं होतं, हा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. तेव्हा तू प्रोसेसरची काळजी करतोयस, पण ओव्हरक्लॉकचा ताण आधी ज्यांच्यावर येतो ते हे दोघं.

आणि ताण देणारी मुख्य गोष्ट आपल्याकडे बाहेरून येते: वीज. डीपीवर लोड वाढला की संध्याकाळी व्होल्टेज पडतं. न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी चारशेच्या जवळ येतं, आणि एका झटक्यात टीव्ही, चार्जर, एसएमपीएस सगळं जातं. अर्थिंगचं तर कुणी बघतच नाही. आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलाव, खड्ड्यात पाणी घालायची व्यवस्था कर, मीठ-कोळसा भरून घे. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवत असशील तर तो साइन वेव्हचा आहे ना ते बघ. चांगल्या एसएमपीएसला चौकोनी लहर मानवत नाही. सहाशे व्हीएचा यूपीएस आरटीएक्स ३०६० च्या मशीनला गेम चालू असताना पुरत नाही, हजारच्या पुढचा घे. ओव्हरक्लॉकिंगच्या कूलरसाठी ठेवलेले पैसे इथे घातलेस तर मशीनचं आयुष्य खरोखर वाढेल.

आता गेममध्ये काय मिळेल ते बघ, आणि माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः मोज. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरचं ओव्हरले (गेमवर आकडे दाखवणारी पट्टी) लाव आणि तू खेळतोस तो गेम खेळ. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर अडथळा कार्डाचा आहे. प्रोसेसर पाचाचे सहा गिगाहर्ट्झ केलेस तरी एक फ्रेम वाढणार नाही. १०८० पिक्सेलवर, सेटिंग वर ठेवून खेळल्या जाणाऱ्या मोठ्या गेममध्ये ३०६० सोबत बहुतेक हेच दिसतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मात्र कार्ड सत्तरवर रेंगाळतं आणि प्रोसेसर अडवतो. तिथे क्लॉकचा फायदा होतो, पण तिथे फ्रेम आधीच दोनशेच्या वर असतात. तुझा मॉनिटर ७५ किंवा १०० हर्ट्झचा असेल तर त्या तुला दिसतच नाहीत.

आणि नुसता क्लॉक म्हणजे वेग नव्हे, याचा पुरावा तुझ्याच सॉकेटमध्ये बसतो. रायझन ७ ५७००एक्स३डी चा बूस्ट फक्त ४.१ गिगाहर्ट्झ, तुझ्यापेक्षा कमी. तरी गेममध्ये तो ५६०० ला मागे टाकतो. त्याला दोन कोअर जास्त आहेत, पण गेममध्ये खरं काम करतो तो कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी: त्याच्याकडे ९६ एमबी एल३ आहे, तुझ्याकडे ३२. पुढेमागे कुणाकडे वॉरंटीतला चांगला मिळाला तर ओव्हरक्लॉकच्या कितीतरी पुढचा फरक नुसता प्रोसेसर बदलून मिळेल.

तुझ्या मशीनमध्ये खरी कमतरता आहे ती एकट्या रॅमची. एका स्टिकवर मेमरीचा रस्ता अर्धाच उघडा असतो. रायझनला हे फार जाचतं. त्याच जातीची दुसरी आठ जीबी टाक, बोर्डावर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लाव, आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू करून ३२०० वर आण. नाही केलंस तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम मुकाट २६६६ किंवा त्याहूनही खाली चालत राहते. प्रोसेसर अडवतो त्या गेममध्ये एकीच्या दोन रॅम केल्याने दहा टक्के आणि काही ठिकाणी त्याहून जास्त फरक मी नेहमी पाहतो. मुख्य म्हणजे अधूनमधून बसणारे झटके कमी होतात, आणि डोळ्यांना सरासरी फ्रेमपेक्षा तेच जास्त जाणवतं.

त्यानंतर हवा. डब्यातला फॅन काढून चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर फॅनचा टॉवर कूलर लाव. कॅबिनेटला पुढून हवा आत आणि मागून बाहेर, पुढच्या फॅनला जाळी. परभणी, मानवत, सेलू, माजलगाव या पट्ट्यात जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचा तंतू उडतो, तो हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा बसतो आणि फॅन कितीही फिरला तरी हवा पलीकडे जात नाही. हंगाम संपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा ब्लोअरने साफ कर. फॅनचं पातं बोटाने धरून ठेव, नाहीतर बेअरिंग जातं. पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदल.

खोलीला कूलर असेल तर उन्हाळ्यात त्याचा फार उपयोग होतो, कारण आपली हवा कोरडी असते आणि खोली आठ-दहा अंशांनी खाली येते. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नको. ओलसर हवेत तंतू आणि धूळ पट्ट्यांना चिकटून बसतात, मग ब्लोअरनेही निघत नाहीत. बोअरच्या पाण्याचे तुषार आत गेले तर बोर्डावर पांढरा थर धरतो. खिडकी उघडी ठेव, हवा खोलीत फिरू दे, कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेव. पहिला पाऊस झाला की त्या कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा फक्त पंखा.

बायोसमध्ये हात घालायची हौस असेल, आणि ती असावीच, तर उलट्या दिशेने घाल. बी५५० वर पीबीओ, म्हणजे बूस्टच्या मर्यादा बदलण्याची सोय, आहे; तिच्या आत प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. सगळ्या कोअरला ऋण १० पासून सुरुवात कर, मग १५, मग २०. त्यातल्या प्रत्येक एकाच्या आकड्याला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. म्हणजे तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर, आणि थंड राहिल्यामुळे प्रोसेसर उलट जास्त वेळ बूस्ट धरून ठेवतो. मराठवाड्यात मला सगळ्यात जास्त पटणारं ट्यूनिंग हेच. एक लक्षात ठेव, याची अस्थिरता पूर्ण भारावर नाही तर मशीन मोकळं बसलेलं असताना दिसते: यूट्यूब बघताना अचानक रीस्टार्ट. म्हणून नुसतं सिनेबेंच (पूर्ण भाराची चाचणी) चाललं यावर जाऊ नको, एकेक कोअर तपासणारं कोअरसायक्लर रात्रभर लाव, आणि चुकणाऱ्या कोअरचा आकडा पाचाने मागे घे. उन्हाळ्यासाठी ४५ वॉटचा इको मोडही आहे, तो प्रोसेसरची वीज खाली धरतो. गेममध्ये हा प्रोसेसर त्याची ७६ वॉटची मर्यादा क्वचितच गाठतो, त्यामुळे इको मोडने फ्रेम फारशा जात नाहीत.

वॉरंटीचंही बघून घे. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही, आणि पीबीओसुद्धा त्यातच मोडतो. कर्व्ह ऑप्टिमायझर पीबीओमध्येच येतो, तेव्हा तो वापरायचा तर हे समजून वापर. व्होल्टेज कमी केल्याने प्रोसेसर झिजत नाही, पण कागदावरची अट अटच असते. इको मोडला ही अडचण नाही.

लॅपटॉपवाल्यांनी हा विचार डोक्यातूनच काढावा.

ओव्हरक्लॉकिंग कुणी करूच नये असं मात्र मी म्हणत नाही. त्याने मशीन आतून कळतं. व्होल्टेज, क्लॉक आणि उष्णता यांचं नातं पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही तेवढं एका रात्रीच्या चाचण्यांत कळतं, आणि तुझ्या शिक्षणाला ते उपयोगाचंच आहे. पण ते तुझ्या एकुलत्या एक मशीनवर करू नको. जुना २५००के किंवा ३५७०के आणि झेड सिरीजचा बोर्ड वापरलेल्या मालात मिळाला तर घे. बोर्ड झेडचा (२५००के ला पी६७ चाही चालतो) हवा, एच किंवा बी वर मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या वेगाला गुणणारा आकडा, हलत नाही. त्यावर हवे ते प्रयोग कर: एका वेळी १०० मेगाहर्ट्झ, अडलं तर दोन शतांश (०.०२) व्होल्ट, प्रत्येक पायरीला वहीत क्लॉक, व्होल्टेज, प्रोसेसरचं आणि खोलीचं तापमान लिहून. खोलीचं तापमान लिहायला लोक विसरतात, आणि त्याशिवाय आपल्याकडची कुठलीच नोंद पुढच्या ऋतूत कामाची राहत नाही.

तुझ्या चालू मशीनचं म्हणशील तर या महिन्यात रॅम, पुढच्या महिन्यात टॉवर कूलर, मध्ये अर्थिंग. ऋण कर्व्हची सेटिंग आत्ता बसवलीस तरी एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, खोलीचा कूलर बंद ठेवून ती परत तपास. तेव्हा प्रोसेसर ८५ अंशांच्या खाली राहिला तर वर्षभर त्या सेटिंगला हात लावू नको. वर गेला तर इको मोड चालू कर आणि जून लागल्यावर बंद कर.